फिटनेसवालं स्मार्टवॉच घ्यायचं का? गोव्यात राहून पडणारे नेहमीचे प्रश्न

फर्मागुडीला सकाळी चालायला-पळायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी नवीन घड्याळ बांधून आलं की तेच तेच प्रश्न सुरू होतात, आधी तिथेच उभ्याउभ्या, मग व्हॉट्सॲपवर, मग फोन. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही आणि दुकानदारही नाही, पळतो आणि घड्याळं वापरतो एवढंच. अमुक मॉडेल घ्या असं इथे सांगणार नाही कारण चार महिन्यांत नवीन येतं आणि हे पान शिळं होतं, काय बघून घ्यायचं आणि कुठल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते सांगतो.

फोनमध्ये सगळं आहे, मग घड्याळ कशाला?

पावलं आणि अंतर एवढंच हवं असेल तर खरंच नको. खिशातला फोन ते दोन्ही बऱ्यापैकी मोजतो, तेही फुकट. घड्याळ जास्तीचं काय देतं तर दिवसभराचे आणि झोपेतले हृदयाचे ठोके, आणि फोन घरी ठेवून बाहेर पडायची मोकळीक. जून ते सप्टेंबर आपल्याकडे फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ती पिशवी खिशात कोंबून कुणी पळलं असेल तर त्याला ही मोकळीक किती मोठी ते वेगळं सांगायला नको.

बँड, साधं स्मार्टवॉच आणि स्पोर्ट्स वॉच यात फरक काय, सगळी सारखीच दिसतात.

दिसायला सारखी, आतून नाही. बँड म्हणजे पावलं, ठोके, झोप, संपलं. साधं स्मार्टवॉच म्हणजे फोनचं शेपूट, कॉल घ्या, मेसेज वाचा, गाणी बदला, आणि त्यात थोडा व्यायाम. स्पोर्ट्स वॉच म्हणजे आधी व्यायाम आणि मग बाकीचं, त्याला बहुधा बटणं असतात, स्वतःचा जीपीएस असतो, बॅटरी आठवडा-दोन आठवडे जाते, आणि कॉलवर बोलता येईलच असं नाही.

पैसे देण्याआधी स्वतःला एकच विचारा, मला मेसेज वाचायचेत की पळायचंय. दोन्ही हवं म्हणणारे शेवटी महाग घड्याळ घेऊन फक्त मेसेज वाचतात, असे आमच्यात बरेच आहेत, नावं घेत नाही.

दीड-दोन हजारांचं चालेल का?

सवय लावायला चालेल. उठा, हला, पाणी प्या एवढं ते सांगतं आणि पावलंही ठीकठाक मोजतं. पण बॉक्सवर 'जीपीएस' लिहिलंय म्हणून फसू नका, त्या किमतीत ते बहुतेक वेळा फोनचाच जीपीएस वापरतं, म्हणजे फोन बरोबर नेला नाही तर अंतर नुसत्या अंदाजाने. खोक्यावर किंवा वेबसाइटवर 'बिल्ट-इन जीपीएस' असे शब्द शोधा, 'कनेक्टेड जीपीएस' असेल तर तो तुमच्या फोनचा. स्वतःचा जीपीएस धड चालणारी घड्याळं साधारण सात-आठ हजारांच्या आसपास सुरू होतात आणि खास पळणाऱ्यांची पंधराच्या पुढे, ऑफरच्या दिवसांत थोडी खाली येतात.

दुकानात एक सोपी परीक्षा करता येते. घड्याळ बांधा, दोन बोटं मानेवर ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा, आणि स्क्रीनवर बघा. मग दुकानाबाहेर जाऊन जिना दोनदा चढून-उतरून या आणि परत तेच करा. बसल्यावर सगळीच बरोबर दाखवतात, खरी गंमत दुसऱ्या वेळेला कळते.

हार्ट रेट खरंच बरोबर असतो का?

झोपलेले असताना, खुर्चीत बसलेले असताना, एका लयीत चालताना, हो. पळताना बहुतेक वेळा हो. जिममध्ये वजनं उचलताना, बॅडमिंटनमध्ये, सायकलचं हँडल घट्ट आवळलेलं असताना मात्र भरवसा नाही.

कारण कळलं की कधी विश्वास ठेवायचा तेही आपोआप कळतं. घड्याळ उलटं करून बघा, मागे हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त क्षणभर वाढतं, तेवढा प्रकाश कमी परत येतो, आणि दिव्यांशेजारचा सेन्सर हा चढउतार मोजतो. हृदयापर्यंत ते पोचतच नाही, कातडीखालच्या रक्तावरून हिशोब करतं. आता पट्टा सैल असला, हात जोरात हलत असला, तर कातडी आणि सेन्सरमध्ये फट पडते, बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हाताच्या हलण्याची लय त्याला ठोक्यांची लय वाटायला लागते. मिरामारला तुम्ही मित्राशी गप्पा मारत आरामात पळताय, दम लागलेला नाही, आणि घड्याळ म्हणतंय १७२. अशा वेळी मिनिटभर पावलं मोजा, तीही १७२ च्या आसपासच निघतील. पळणारे याला केडन्स लॉक म्हणतात. थांबा, मनगटाच्या हाडापासून घड्याळ बोटभर वर सरकवा, पट्टा एक भोक घट्ट करा, अर्ध्या-पाऊण मिनिटात आकडा घसरत घसरत १४० च्या खाली येऊन बसतो.

दुसरं, कळंगुटला जाऊन मनगटावर गडद टॅटू काढून घेतला असेल तर घड्याळ दुसऱ्या हातावर बांधा. शाईतून प्रकाश नीट जात नाही आणि मग रीडिंग कधी येतं कधी गायब.

खरोखर अचूक हवं असेल तर छातीचा पट्टा. तो हृदयाचा विजेचा सिग्नल थेट पकडतो म्हणून हाताच्या हलण्याचा त्याला काही त्रास नाही. घड्याळ घेताना त्याला असा बाहेरचा पट्टा जोडता येतो का तेवढं विचारून घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच घड्याळांना येत नाही.

पुण्याला असताना याच स्पीडला माझा हार्ट रेट १४५ असायचा, गोव्यात आल्यापासून १५८-१६०. घड्याळ बिघडलंय की मी?

कुणीच नाही. हवा.

हा प्रश्न बाहेरून बदली होऊन आलेले सगळे विचारतात. पळताना शरीर तापतं, ते थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवलं जातं आणि घाम येतो. घाम वाळला तरच थंडावा मिळतो, नुसता गळून उपयोग नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात किंवा पावसाच्या दोन सरींच्या मध्ये जी उघडीप असते तेव्हा घाम वाळतच नाही, टीशर्ट पिळून काढावा लागतो. रक्ताचा एक हिस्सा कातडीकडे, घामातून पाणी गेलेलं, म्हणजे एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी, मग तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. दहा-पंधरा ठोके सहज वाढतात. त्यात एकाच स्पीडने तासभर पळलात तर शेवटच्या वीस मिनिटांत आकडा आणखी चढत जातो, तेही असंच.

म्हणून डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी ठरवलेले झोन, म्हणजे हलकं, मध्यम, जोरात अशा पळण्याचे ठोक्यांचे टप्पे, मे महिन्यात लावू नका. त्या दिवसांत स्पीड विसरा, हार्ट रेट बघून पळा, हळू झालं तरी चालेल. इथे घड्याळ खरंच कामाचं आहे, म्हणजे गोव्यासारख्या ठिकाणी माझ्या मते घड्याळ घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच, कारण उकाड्यात माणसाला आपण किती ताणतोय ते कळत नाही आणि हातावर १७८ दिसलं की पाय आपोआप ढिले पडतात.

आणि झोन कुठून येतात तेही बघून ठेवा. बहुतेक घड्याळं २२० मधून वय वजा करून तुमचा कमाल हार्ट रेट धरतात. हा सरसकट अंदाज आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी नेहमीचा. चाळीस वर्षांच्या माणसाला घड्याळ १८० सांगेल पण त्याचा खरा १९२ असू शकतो किंवा १७० पण. सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा आकडा टाकता येतो, टाका.

व्हीओटू मॅक्स म्हणजे काय, माझा ३८ दाखवतं, वाईट आहे का?

व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा. खरा मोजायला तोंडाला मास्क लावून ट्रेडमिलवर धावावं लागतं, घड्याळ स्पीड आणि हार्ट रेट यांची सांगड घालून अंदाज बांधतं. उकाड्यात हार्ट रेट चढला की हा आकडा उगीचच उतरतो. गार्मिनची काही मॉडेल्स २२ अंशांच्या वरची गरमी हिशोबात धरतात, बाकीची धरतीलच असं नाही. एप्रिलमध्ये खाली आला म्हणून खचू नका.

एक तासात ४५० कॅलरी जाळल्या असं आलंय, मग हॉटेलात जाऊन पातळभाजी आणि दोन बन्स खाल्ले तर हिशोब बरोबर ना?

खा, पण घड्याळाच्या नावावर नको.

कॅलरी हा या घड्याळांचा सगळ्यात कच्चा आकडा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली सात घड्याळं-बँड तपासले होते, त्यात सातांपैकी सहांचा हार्ट रेट ५ टक्क्यांच्या आत बरोबर निघाला, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. घड्याळं नंतर सुधारलीत, पण मूळ अडचण तीच आहे, घड्याळाला तुमचं वय, वजन, उंची आणि ठोके एवढंच माहीत, तुमच्या अंगात स्नायू किती, चरबी किती याचा त्याला पत्ता नसतो. आणि वर आपण बोललो तसं उकाड्यात ठोके वाढले की ते बिचारं समजतं तुम्ही जास्त काम केलंत. वजन कमी करायचं असेल तर कॅलरीचा तो रकाना स्क्रीनवरून काढूनच टाका.

रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत का?

हा आकडा कुठल्या डॉक्टरने दिलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्याबरोबर दहा हजार जगभर गेलं. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांचा मृत्यूचा धोका २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी दिसला, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. म्हणजे घरातल्या मोठ्यांना दहा हजारांसाठी रात्री अंगणात फेऱ्या मारायला लावू नका प्लीज. आज किती चालता त्यात हजार-दीड हजार वाढवा, ते जमलं की पुढचं.

न चालता पावलं वाढतात, असं का?

घड्याळ हाताचे हेलकावे मोजतं, पाय त्याला दिसत नाहीत. चवथीच्या आरतीला घुमट वाजवणाऱ्याची पावलं बघा एकदा. नारळ खवताना वाढतात, खराब रस्त्यावर पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवाल्याच्या, मागे बसलं तरी थोडीफार. उलट, हातात बाजाराच्या पिशव्या असतील किंवा बाळाची गाडी ढकलत असाल तर खरी चाललेली पावलं मोजली जात नाहीत. महिन्याच्या हिशोबात काही फरक पडत नाही.

हाफ मॅरेथॉन पळालो, घड्याळ २१.४ दाखवतं. आयोजकांनी रस्ता जास्त ठेवला का?

बहुतेक नाही. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची, आणि रस्ता मोजताना वळणावर सगळ्यात आतली, छोटी रेघ धरतात. आपण गर्दीत डावीकडून उजवीकडे, पाण्याच्या टेबलाकडे, फोटोवाल्याकडे, असं नागमोडी पळतो. वर, अंतर कमी भरू नये म्हणून मोजणी करताना मुद्दाम ०.१ टक्का जास्त धरायची पद्धत आहे, म्हणजे वीस-एकवीस मीटर तिथेच. उरलेला फरक जीपीएसचा.

उघड्यावर जीपीएस मस्त चालतो, मिरामार ते दोनापावल, कोलव्याचा किनारा, विद्यापीठाचं पठार, काही चिंता नाही. फोंतेन्यांशच्या अरुंद गल्ल्या किंवा आल्तिनोची दाट झाडी आली की सिग्नल भिंतींवर आपटून, पानांतून गाळून येतो आणि नकाशावर तुम्ही लोकांच्या घरांतून पळताना दिसता. एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी वापरणारी घड्याळं इथे स्पष्ट चांगली, पण बॅटरी जास्त खातात. तुम्ही रोज उघड्यावरच पळत असाल तर त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. आणि घरातून निघाल्यानिघाल्या स्टार्ट दाबू नका, आकाश दिसेल अशा जागी उभं राहून सिग्नल हिरवा होऊ द्या, पहिल्या अर्ध्या किलोमीटरचा घोळ निम्म्याने कमी होतो.

समुद्रात चालतं का? ५ एटीएम लिहिलंय, म्हणजे ५० मीटर खोल?

गोव्यात याचं उत्तर नीट वाचा.

५ एटीएम म्हणजे प्रयोगशाळेत स्थिर पाण्यात ५० मीटर खोलीइतका दाब सोसला. हात जोरात मारत पोहणं, लाटेचा फटका, नळाची धार, हे वेगळं. कांपालच्या तलावात, किनाऱ्याजवळ पोहायला ५ एटीएम पुरे. ग्रांद आयलंडला स्कूबा करायला जाताय तर ते काढून ठेवा, त्यासाठी डायव्हिंगची वेगळी घड्याळं असतात. ॲपलचं अल्ट्रा सुद्धा ४० मीटरपर्यंतच्या हौशी डायव्हिंगसाठी आहे, त्याच्या खाली नाही. आणि नुसतं 'आयपी६८' लिहिलेलं असेल तर पाऊस, घाम, हात धुणं इतपत समजा, ते पोहण्यासाठीचं मानक नाही.

आता मीठ. समुद्रातून आल्यावर घड्याळ तसंच वाळू दिलंत तर संध्याकाळी मागच्या बाजूला चार्जिंगच्या पिनांभोवती पांढरी कड दिसते, बटणाच्या फटीतसुद्धा, बोटाने घासलं तर खरखरीत लागते. ते मीठ ओलाव्यात पिना खातं. आमच्यातल्या एकाच्या घड्याळाच्या पिना दुसऱ्या पावसाळ्यात हिरव्या पडल्या, कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले आणि गोव्यात त्यांचं सर्व्हिस सेंटरच नसल्याने घड्याळ कुरिअरने मुंबईला जाऊन तसंच परत आलं. सगळ्या भानगडीवर उपाय काय तर नळाखाली अर्धा मिनिट गोड्या पाण्याने धुणं, मऊ फडक्याने पुसणं, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जरवर न ठेवणं. खारा घामही तेच करतो, म्हणून न पोहणाऱ्यांनीही धुवा. साबण, शाम्पू, गरम पाण्याची अंघोळ टाळा, रबरी सील त्याने लवकर जातं. सील कायमचं नसतंच, तीन वर्षं जुन्या घड्याळाच्या ५ एटीएमवर मी तरी पैज लावणार नाही.

पोहताना मनगटावरचा हार्ट रेट सोडून द्या, पाणी मधे शिरतं. समुद्रात अंतरही थोडं इकडेतिकडे होतं कारण हात पाण्याखाली गेला की जीपीएस तुटतो, पाण्याबाहेर आला की जोडतो. पावसाळ्यात समुद्रात उतरून हे तपासायला जाऊ नका, लाल बावटा असतो तो उगीच नसतो.

पावसात टचस्क्रीन वेड्यासारखं करतं.

करणारच, थेंब आणि बोट त्याला सारखंच. पळता पळता व्यायाम आपोआप पॉज होतो आणि घरी आल्यावर कळतं की अर्धं अंतर गायब. स्क्रीन लॉक करायची सोय असते ती वापरा. नवीन घेत असाल आणि पावसाळ्यातही पळणार असाल तर स्टार्ट-स्टॉपला खरी बटणं असलेलं घ्या, मी याला स्क्रीनच्या सुंदरपणापेक्षा जास्त मार्क देतो.

झोपेचे आकडे खरे का? डीप स्लीप फक्त ४० मिनिटं आली, टेन्शन आलंय.

किती वाजता झोपलात, कधी उठलात, एकूण किती तास, हे ठीक. डीप, लाइट, रेम हे टप्पे खरे मोजायला डोक्याला तारा लावून मेंदूचे सिग्नल घ्यावे लागतात, घड्याळ हालचाल आणि ठोक्यांवरून अंदाज लावतं आणि तो बराच चुकतो. घरातला वजनकाटा दोन किलो जास्त दाखवत असला तरी वजन उतरतंय की चढतंय ते त्यावर कळतं, झोपेचंही तसंच धरा, कालची रात्र सोडा, महिन्याचा कल बघा.

झोपेतल्या आकड्यांत एकच मला खरंच उपयोगी वाटतो, विश्रांतीचा हार्ट रेट. रोजच्यापेक्षा सात-आठ ठोके वर दिसला की बहुधा ताप यायचाय, झोप कमी झालीय, किंवा आदल्या रात्री फेणीचा एक ग्लास जास्त झालाय. त्या दिवशी जोरात पळायचं नाही, एवढं साधं.

ईसीजी, ऑक्सिजन, बीपी, शुगर, सगळं दाखवणारं घड्याळ मिळतंय. बाबांसाठी घेऊ?

शुगर दाखवणारं घड्याळ कुणी विकत असेल तर तिथून निघा. सुई न टोचता रक्तातली साखर मोजतं असा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका असा इशारा एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडपणे दिलाय, अशा एकाही उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. तो आकडा बघून कुणी इन्सुलिन कमी-जास्त केलं तर जिवावर बेतेल. काही घड्याळं दंडावर लावलेल्या खऱ्या ग्लुकोज सेन्सरचा आकडा नुसता दाखवतात, ती गोष्ट वेगळी, तिथे मोजणारा सेन्सर आहे.

बीपी, सावध. हिरव्या दिव्यांवरून बीपी सांगणाऱ्या घड्याळांना आधी दंडाला बांधायच्या मशीनने जुळवून घ्यावं लागतं, सॅमसंग तर दर २८ दिवसांनी पुन्हा जुळवायला सांगतं. म्हणजे मशीन लागतंच. मग बाबांसाठी आधी ते मशीनच घ्या, घड्याळाच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

ऑक्सिजन, ठीक आहे. कोविडच्या काळात त्याचं फार कौतुक झालं, पण मनगटावरचं रीडिंग हलल्यावर, सैल असल्यावर सहज चुकतं. ९१ दिसलं तर घाबरण्याआधी स्थिर बसून, हात टेबलावर ठेवून परत घ्या, शंका असेल तर बोटावरचा ऑक्सिमीटर.

ईसीजी मात्र खरोखर कामाचं आहे, त्याची हद्द माहीत असेल तर. ॲपलने ते २०१८ मध्ये आणलं, आता इतरही देतात. बोट ठेवून ३० सेकंद थांबायचं, ते हृदयाची लय बघतं आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडणं, पकडू शकतं. कधीतरीच होणारी धडधड दवाखान्यात पोचेपर्यंत थांबलेली असते, तेव्हा ती पट्टी सेव्ह करून डॉक्टरला दाखवता येते, हा मोठा फायदा. पण हार्ट अटॅक ते ओळखत नाही, ॲपल स्वतःच तसं लिहून देतं. दवाखान्यात बारा लीडचा ईसीजी काढतात, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघतात, इथे एकच लीड. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात जड झालाय आणि घड्याळ म्हणतंय 'सगळं नॉर्मल', तर घड्याळ बाजूला ठेवा, १०८ लावा, बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा जवळ जे असेल तिथे न्या.

आई एकटी असते, वय ७१. पडल्यावर फोन लावणारं घड्याळ खरंच लावतं का?

लावतं, जोरात पडलं आणि मग हालचाल झाली नाही तर. हळूच घसरून बसल्यासारखं पडलं तर कळेलच असं नाही. अट अशी की फोन जवळ हवा किंवा घड्याळात स्वतःचं सिम हवं, आणि रेंज हवी, सत्तरी किंवा काणकोण तालुक्यात आतल्या वाड्यांवर हे आधी तपासा. घरच्यांचे नंबर इमर्जन्सीमध्ये टाकून द्या आणि एकदा आईला बरोबर बसवून सगळं दाखवा.

आणखी एक, ज्येष्ठांना रोज चार्ज करायचं घड्याळ देऊ नका. रात्री काढून ठेवतात, सकाळी देवपूजा, मग स्वयंपाक, घड्याळ चार्जरवरच राहतं. आणि नेमकं बाथरूमला जाताना हातावर नसतं.

बॅटरी किती दिवसांची बघू?

कंपनी सांगते त्याच्या दोन-तृतीयांश धरा. ॲपलचं साधं वॉच मॉडेलप्रमाणे १८ ते २४ तासांच्या हिशोबाचं, म्हणजे रोज चार्जिंग. गार्मिन फोररनर ५५ सारखं साधं पळायचं घड्याळ दोन आठवडे, आणि जीपीएस चालू ठेवून २० तास. स्क्रीन सतत चालू ठेवली की सगळ्यांचीच बॅटरी धपकन उतरते.

मिरामारची हाफ आयर्नमॅन करायची आहे, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं, तर जीपीएस सलग आठ-नऊ तास टिकायला हवा, छातीचा पट्टा जोडून. आषाढीला पायी पंढरपूरला जाणाऱ्यांनी तर आठवड्यावाल्याशिवाय बघूच नये, मुक्कामी एका प्लगला दहा फोन लटकलेले असतात.

माझ्याकडे अँड्रॉइड आहे, ॲपल वॉच चालेल?

नाही. ॲपल वॉचला आयफोनच लागतो. सॅमसंगची नवी घड्याळं आयफोनला चालत नाहीत, आणि त्यांचं ईसीजी सॅमसंगच्याच फोनवर. गार्मिन, अमेझफिट, कोरोस दोन्हीकडे चालतात.

मामा दुबईहून आणतोय, तिथे स्वस्त मिळतं.

आणू दे, पण दोन गोष्टी विचारून. वॉरंटी बऱ्याचदा जिथे घेतलं त्याच देशाची असते, बोटीवर काम करणारे भाऊ-काका आणतात त्यांचंही तेच. आणि ईसीजीसारखी फीचर्स देशानुसार चालू-बंद असतात. वाचलेले पैसे एका दुरुस्तीत जाऊ शकतात.

घेतल्यानंतर दर महिन्याला पैसे लागतात का?

काहींना. व्हूप नावाचा बँड तर सब्स्क्रिप्शनवरच चालतो. फिटबिटमध्ये काही गोष्टी प्रीमियममध्ये आहेत, गार्मिननेही २०२५ पासून पैसेवाली पातळी काढली, पण तिथे मूळच्या गोष्टी अजून फुकट आहेत.

माझी माहिती कुठे जाते?

कंपनीच्या सर्व्हरवर, तुमचा पळायचा रस्ता धरून. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या पळणाऱ्या-सायकलवाल्यांच्या ॲपच्या नकाशावरून जगभरातले लष्करी तळ उघडे पडले होते, जवान पळत होते त्याच रेघा. दाबोळीला नेव्हीत असणाऱ्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी, विशेषतः पहाटे एकट्या पळणाऱ्या मुलींनी, घराभोवतीचा भाग लपवायचं सेटिंग आजच चालू करा आणि प्रोफाइल फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा.

मनगटावर लाल चट्टे उठलेत, ॲलर्जी आहे का?

असेलही, पण बहुतेक वेळा पट्ट्याखाली साचलेला घाम. पट्टा रोज धुवा, वाळवा, अंघोळीनंतर तासभर हात मोकळा ठेवा, कापडी पट्टा लावून बघा. पावसाळ्यात कापडी पट्टा वाळत नाही आणि कुबट वास मारतो, तेव्हा दोन ठेवा. तरी गेलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरकडे.

घड्याळ रोज ओरडतं, रिकव्हरी कमी, स्ट्रेस जास्त. वैताग आलाय.

बंद करा ते. ठोक्यांमधल्या अंतरातल्या चढउतारावरून ते हा अंदाज काढतं, लग्नात नाचलात तरी स्ट्रेस आणि ट्रॅफिकमध्ये अडकलात तरी स्ट्रेस. सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून चवथीच्या दिवशी पाहुणे घरात बसलेले असताना बाहेर पळायला गेलेला माणूस मी बघितलाय, त्याच्या बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही. साखळी, बक्षिसं, बिल्ले, सगळं सेटिंगमध्ये बंद होतं.

जुनं धाकट्या भावाला देऊ का?

जरूर. आधी फोनवरून अनपेअर करा, अकाउंट काढा, मग रीसेट, नाहीतर त्याला तुमचा पासवर्ड मागत बसावं लागेल. पट्टा नवीन लावा. सेन्सरची काच ओरखडली असेल तर ठोके चुकतील हे सांगून द्या, आणि तीन-चार वर्षं जुनं असेल तर बॅटरी निम्म्यावर आलेली असते, त्याने पोहायला जाऊ नये हेही सांगा.